पगारे सरांचं एकतिसावं पान

सर्व्हर रूममध्ये शिरण्याआधी पगारे सर दारावर टकटक करायचे. आत माणूस नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. किल्ली त्यांच्याच खिशात, कार्ड त्यांच्याच गळ्यात, आणि तरी दोनदा टकटक, मग क्षणभर थांबायचं आणि मगच दार ढकलायचं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, हे प्रकरण भाविक दिसतंय, आत उदबत्तीही लावत असतील. आठवडाभर दम धरला आणि मग विचारलंच. सर म्हणाले, "दार आतल्या बाजूला उघडतं. आत कुणी खालची फरशी उचलून वायरी बघत बसलेलं असलं, तर दार थेट टाळक्यात. सोनवणेला बसलंय एकदा. विचार त्याला." सोनवणेने लगेच केस बाजूला करून खूण दाखवली, जणू काही पदकच.

सरांच्या बहुतेक तऱ्हेवाईकपणाचं असंच होतं. आधी हसू यायचं, मग कारण कळायचं, आणि मग आपण हसलो याची थोडी लाज वाटायची. मी घोटीची, आमच्याकडे माणूस हसला की हसला, लाजबिज नंतर बघू. त्यामुळे सरांच्या हाताखाली मला दुप्पट त्रास झाला.

आमची रूम नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका दुमजली इमारतीच्या खालच्या मजल्यावर होती. दोन दवाखाने, काही शाळा, कारखाने, कांद्याचे दोन-तीन मोठे व्यापारी, अशांची शंभरेक मशीनं तिथे लोखंडी मांडण्यांमध्ये रचून ठेवलेली. ती सदैव चालू राहिली पाहिजेत, एवढंच आमचं काम. माणसं तीन. पगारे सर मुख्य, मग सटाण्याकडचा सोनवणे, आणि शेवटी मी.

सर बुटके होते, डोक्यावर केस कमी आणि भुवया भरघोस. बायकोने विणलेला मरून रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर बारा महिने अंगात. रूममध्ये थंडी असते हे खरं, पण सर तो स्वेटर घालूनच स्कूटरवर यायचे आणि घालूनच परत जायचे. मे महिन्यात सिग्नलला थांबलेले लोक त्यांच्याकडे बघून घामाने निथळायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "काढला की कुठंतरी विसरतो, आणि विसरला की घरी बोलणी खातो." हे कारण ऐकून मात्र मला लाज वाटली नाही.

या वयाच्या माणसाबद्दल आपला एक अंदाज असतो. छप्पन वर्षांचे गृहस्थ, म्हणजे मशीनला कान लावून दुखणं ओळखणार, नव्या सोयींच्या नावाने बोटं मोडणार, आमच्या वेळी असं नव्हतं म्हणणार. पगारे सर याच्या अगदी उलट. मशीनजवळ जावं लागणं हाच त्यांना आपला पराभव वाटायचा. "जाग्यावर बसून जे होतं, त्यासाठी उठायचं कशाला?" म्हणायचे. दुरून मशीन सांभाळण्याची जी सोय असते, तिच्यावर या माणसाचा जीव होता. जुन्या मालकांच्या मागे लागून लागून त्यांनी ती सगळ्या मशीनांना घ्यायला लावली होती. पहिल्या दिवशी मला समोर बसवून त्यांनी ती समजावली, आणि पुढे मी कितीतरी जणांकडून ती ऐकली, पण इतकी सरळ कुणी सांगितली नाही.

"हे बघ शुभांगी," ते म्हणाले, "प्रत्येक मोठ्या मशीनच्या पोटात एक छोटं मशीन असतं. त्याची वायर वेगळी, नंबर वेगळा. मोठं बंद पडलं, अडकलं, येडं झालं, तरी हे छोटं जागंच. वीज पोचतीय तोवर त्याला झोप नाही. आपण त्याला विचारायचं, बाबा, अंगात ताप किती? पंखे कसे चालले? पडद्यावर काय दिसतं? आणि सांगायचं, बंद कर, चालू कर. ते करणार. मग आपण इथं बसलेलो असू, नाहीतर मनमाडला."

सोनवणे शेजारून म्हणाला, "म्हणजे सर, गावच्या जागल्यासारखं."

सरांचा माऊसवरचा हात थांबला. आवाज चढला नाही, पण चेहरा बदलला. "तो शब्द नको रे. माझ्या आज्यानं केलंय ते काम. सगळं गाव झोपायचं, हा जागायचा, आणि सकाळी त्याच गावात भाकरी मागत फिरायचा. धम्म घेतला त्या दिवशी सोडलं त्यानं. मनमाडला येऊन रेल्वेत लागला. माझा बाप तर पुढं केबिनमध्ये लिव्हरमन झाला, रूळ बदलायचा. तेव्हा ह्याला म्हणायचंच असलं तर केबिनवाला म्हण. केबिनवाल्याचं मेल गाडीला पण ऐकावं लागतं."

सोनवणे बिचारा ओशाळला. सरांनी लगेच त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहा मागवला. त्या दिवसापासून आमच्या रूममध्ये त्या छोट्या मशीनाचं नाव केबिनवाला पडलं. नवीन माणसाला काही कळायचं नाही. "सात नंबरचा केबिनवाला बोलत नाहीये" असं मी फोनवर म्हणाले की आई विचारायची, तू नेमकी कुठे कामाला आहेस गं?

या केबिनवाल्याच्या प्रेमापायी सरांची एकदा जी फजिती झाली, ती ते स्वतःच रंगवून सांगायचे. पुतणीचं लग्न होतं मनमाडला. हळदीच्या दिवशी सकाळी सगळे भाऊबंद जमलेले. कुणीतरी म्हणालं, भास्करदादा, तुम्ही म्हणे इथं बसून नाशिकची मशीनं चालवता. झालं. सरांनी लॅपटॉप उघडला. गालाला हळद लागलेली, भोवती बायाबापड्यांचा घोळका, आणि सर दाखवतायत, हे बघा, ह्या मशीनला आत्ता किती ताप आहे, हा पंखा बघा. मंडळी कौतुकाने माना डोलवतायत. तेवढ्यात सरांना आठवलं की त्या मांडणीतल्या बारा केबिनवाल्यांचे नंबर बदलायचे राहिलेत. घरच्यांसमोर तेही करून दाखवावं असा मोह झाला. एक आकडा चुकला, बटण दाबलं, आणि पडदा गप्प.

दुरून मशीन सांभाळणाऱ्या माणसाची ही खास चूक. ज्या वाटेने आपण आत गेलो, ती वाटच आतून बंद करून टाकायची. मशीनं व्यवस्थित चालू होती, पण त्यांतल्या बारांशी आता कुणाला बोलता येत नव्हतं, आणि ते फक्त रूममध्ये जाऊनच सुधारता येणार होतं. मी सुट्टीवर, सोनवणे सटाण्याला. सर पुतण्याची मोटारसायकल घेऊन तसेच निघाले. चांदवडला चहाला थांबले, हेल्मेट काढलं, आणि हॉटेलवाल्याने त्यांच्याकडे नीट बघून विचारलं, "नवरदेव, या वयात कुठं पळून चाललात?" अंबडला पोचले तर आमचा वॉचमन आत सोडेना. पिवळ्या तोंडाचा हा माणूस पगारे साहेब आहे हे त्याला पटेना. शेवटी सरांनी, हळद लागू नये म्हणून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवलेला स्वेटर काढून घातला. मग सोडलं.

परत मनमाडला पोचेस्तोवर हळद उरकली होती. नवरीच्या आईने, म्हणजे सरांच्या वहिनीने, त्यांच्याशी लग्न लागेपर्यंत अबोला धरला. सरांनी मात्र लग्नाहून परतताच हा सगळा प्रकार आमच्या चुकांच्या वहीत लिहून काढला, खाली सही, 'भा. पगारे'. अशी वही होती आमच्याकडे. आपली चूक आपल्या हाताने लिहायची, कारणासकट, आणि दुसऱ्याची चूक लिहायला मनाई. वहीत सगळ्यात जास्त सह्या सरांच्याच होत्या. सोनवणे म्हणायचा, ही वही नाही, सरांचं आत्मचरित्र आहे.

त्या वहीतली एक चूक ते रंगवून सांगत नसत. मला त्यांनी ती एकदाच सांगितली, डबा खाताना. आधीच्या नोकरीतली गोष्ट. वीज जाऊन आली आणि त्या गडबडीत दोन केबिनवाल्यांचे नंबर आपसात बदलले गेले. यादीत नावं जुनीच राहिली. सरांनी यादीत बघून एका शाळेचं मशीन बंद केलं, दुरुस्तीसाठी. बंद पडला तो दवाखाना.

"चाळीस मिनिटं," सर म्हणाले. "कुणाला काही झालं नाही. पण मला तिथं पाठवलं होतं बघायला. खिडकीपाशी एक बाळंतीण बसली होती, मांडीवर पोरगं, घरी सोडायचं होतं तिला. कागद निघेना. मला म्हणाली, दादा, चालू झालं का? मी म्हटलं, होईल ताई. मीच बंद केलंय असं काही तोंडातनं निघालं नाही." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. भाकरी अर्धीच खाल्ली होती.

त्यानंतर त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला आणि पुढे आम्हालाही. मशीनच्या पुढच्या अंगाला एक बारीक निळा दिवा असतो, तो दुरून लावता येतो. कुठलंही मशीन दुरून बंद करायच्या आधी तो दिवा लावायचा. दुसऱ्या माणसाने रूममध्ये जाऊन दिवा कुठल्या मशीनवर लागलाय ते बघायचं आणि त्यावरचं नाव फोनवर मोठ्याने वाचायचं. बटणापाशी बसलेल्याने तेच नाव परत म्हणायचं. मगच बंद. हे त्यांना केबिनमधून मिळालं होतं. स्टेशनमास्तर फोनवर सांगणार, वडील तेच शब्द परत म्हणणार, मग लिव्हर ओढणार. "दोन तोंडांतनं नाव आल्याशिवाय हात लावायचा नाही," हे सरांचं वाक्य. दुसरं माणूस नसलं तर सर स्वतः उठून रूममध्ये जायचे, नाव मोठ्याने वाचायचे आणि परत जागेवर येऊन ते म्हणायचे. एरवी उठायचा कंटाळा असलेला हा माणूस त्या एका कामासाठी न कुरकुरता उठायचा.

मग आमची कंपनी विकली गेली. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने घेतली. नवे साहेब पडद्यावर आले, गोड बोलले आणि शेवटी मुद्द्यावर आले. त्यांच्या सगळ्या रूम्स बिनमाणसांच्या होत्या. तिकडे एका हॉलमध्ये बसून सगळ्या गावांची मशीनं सांभाळायची. काही मोडलंच तर बाहेरचा माणूस बोलावून बदलून घ्यायचं. नाशिकची रूमही तशीच होणार. त्यासाठी पगारे सरांनी दोन महिन्यांत रूम चालवण्याची पूर्ण वही लिहून द्यायची, बारीकसारीक काही न सोडता. वही मिळाली की आठ दिवस चाचणी, आणि चाचणी पार पडली की आमचे तिघांचे हिशोब पूर्ण.

म्हणजे आपल्याच नोकरीवर गदा आणणारा कागद आपल्याच हाताने लिहायचा. सरांची दोन वर्षं उरली होती. याच रूममधून निवृत्त व्हायचं एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी इतक्या वेळा बोलून दाखवली होती की वॉचमनलाही पाठ होती. सोनवणेची मुलगी नाशिकला शाळेत घातलेली. मी तर नुकती कुठे स्थिर होत होते.

सोनवणे सरळ माणूस. तो सरांपुढे जाऊन उभा राहिला. "सर, थोडं पोटात ठेवा. सगळं लिहू नका. चार गोष्टी आपल्यालाच माहीत राहिल्या तर त्यांना आपली गरज लागेल."

"मशीन कुणाचं आहे सोनवणे?" सर म्हणाले. "दवाखान्याचं. मी चार गोष्टी लपवल्या आणि उद्या त्यातलीच एक नडली, तर?"

सोनवणे चिडला की त्याची सटाण्याची बोली बाहेर यायची. "तुमनं बरोबर शे सर, पण मनं काय व्हई?" माझं काय होणार, असं विचारून तो उठून गेला. त्यानंतर तीन आठवडे तो सरांशी कामापुरतं बोलला. मी बोलत होते, पण मनातून मीही धुमसत होते. या माणसाला स्वतःचं भलं कळत नाही हे त्याचं तो बघेल, पण आमचंही कळू नये? असं वाटायचं. आज लिहिताना खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

सर हाताने मराठीत लिहायचे आणि मी ते इंग्रजीत टाइप करायचे. चौसष्ट पानं झाली. काहीही सोडलं नव्हतं. कुठलं मशीन चालू व्हायला जास्त वेळ घेतं, कुठल्या पंख्याचा आकडा उगाच जास्त दाखवतो, हळदीच्या दिवशीची चूक कशी टाळायची, सगळं. एकतिसाव्या पानावर निळ्या दिव्याचा नियम होता, त्यांच्या त्या वाक्यासह. शेवटची प्रत सरांनीच तपासून पाठवली.

चाचणी सुरू झाली. रूमला कुलूप. आम्ही तिघांनी इमारतीत यायचं, पण वरच्या मजल्यावर कँटीनमध्ये बसायचं आणि खाली पाय ठेवायचा नाही. तिकडच्या हॉलमध्ये लावण्या नावाची एक इंजिनिअर आमची मशीनं सांभाळत होती. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. सोनवणे डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. काय ते विचारायची गरज नव्हती, तो मशीनं बिघडावीत म्हणून साकडं घालत होता. आणि पगारे सर? ते खुशीत होते. "एकदाही फोन नाही तिचा!" तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. "म्हणजे वही नीट लिहिली गेली बरं का." त्यांच्या डोक्यात समोरचा पाण्याचा जग उलटा करावा असं मला झालं. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाली मान घालून चहा ढवळत बसले. चहात साखर नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता फोन आला. दवाखान्याच्या एका मशीनचा पंखा गेला होता, ताप चढत होता. मशीन बंद करून पंखा बदलायला हवा होता. जोडीचं दुसरं मशीन तेवढा वेळ भार घेणार होतं, काळजीचं काही नव्हतं. सरांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"सर, मी निळा दिवा लावलाय," लावण्या म्हणाली. "बघून नाव सांगायला कुणी आहे का?"

"चाचणी चालू आहे बेटा. आम्हाला आत जायचं नाही."

"मग मी बंद कशी करू? तुमच्या वहीत एकतिसावं पान आहे. दोन तोंडांतून नाव आल्याशिवाय हात लावायचा नाही."

सोनवणेने माझ्याकडे पाहिलं. मी सोनवणेकडे. सर म्हणाले, "साहेबांना विचार."

साहेबांची परवानगी यायला वीस मिनिटं गेली. मग सर खाली गेले, आम्ही मागोमाग. दारावर टकटक झाली. सरांनी निळा दिवा पाहिला, नाव वाचलं, लावण्याने तेच परत म्हटलं, मशीन बंद झालं. दिवा बरोबर त्याच मशीनवर होता ज्याच्यावर असायला हवा होता. पंखा बदलला, मशीन चालू झालं, आम्ही पुन्हा वर गेलो. बाकीचे तीन दिवस काही झालं नाही.

चाचणी संपल्यावर नवे साहेब स्वतः नाशिकला आले. वही समोर ठेवली होती. म्हणाले, वही उत्तम आहे, अशी वही आम्हाला कुठल्याच गावातून मिळाली नाही. फक्त एकतिसावं पान काढून टाका. त्या पानामुळे रूममध्ये कायमचा एक माणूस ठेवावा लागतो.

"ते पान राहिलं पाहिजे साहेब," सर म्हणाले.

"का? दिवा बरोबरच मशीनवर होता. वीस मिनिटं फुकट गेली."

"बघितलं म्हणून कळलं ना, की बरोबर होता."

पडद्यावर लावण्या होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली की हे पान नसेल तर दवाखान्याचं मशीन ती बंद करणार नाही, दुसऱ्या कुणाला सांगावं. साहेबांचा चेहरा आंबट झाला. ते सरांकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "पगारे, एक खरं सांगा. हे पान तुम्ही मशीनसाठी घातलंत, की तुमच्यासाठी?"

पगारे सरांना काही विचारलं की उत्तर तयार असायचं. मी ते रोज पाहिलं होतं. त्या दिवशी ते गप्प राहिले. भुवयांखालचे डोळे टेबलावर लागलेले. मला वाटलं, आता बोलतील, ती बाळंतीण सांगतील, चुकांची वही आणून ठेवतील. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पण मी बोलायचं होतं का ते मला कळेना. मग सर म्हणाले, "पान राहू द्या. मी जातो."

साहेबांना कळलं नाही. सरांनी समजावून सांगितलं, जसं आम्हाला सांगायचे तसं. "रूममध्ये एक माणूस लागेल. तो सोनवणे ठेवा. शुभांगीला तिकडच्या टीममध्ये घ्या, तिला ही मशीनं पाठ आहेत. मी नसलो म्हणजे पान माझ्यासाठी होतं असं कुणाला म्हणता येणार नाही. मग ते काढायचं कारण उरत नाही." साहेबांना प्रकरण मिटवायचं होतं. दोन माणसांच्या बदल्यात एका ज्येष्ठ माणसाचा मोठा पगार वाचत होता आणि लावण्याही गप्प होत होती. त्यांनी मान डोलावली.

सोनवणे बाहेर येऊन जिन्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. सर त्याच्या शेजारी बसून म्हणत होते, "येडा का तू? आं? उठ, लोक बघतात."

शेवटच्या दिवशी हार-तुरे झाले नाहीत, त्यांनीच नको म्हटलं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मशीनांच्या यादीत प्रवेश असलेल्यांची नावं असतात, त्यातून त्यांचं नाव काढायचं होतं. स्वतःचं नाव स्वतःला काढता येत नाही. मी त्यांच्या खुर्चीत बसले, ते मागे उभे. मला काही दिसेना, पडदा नुसता पाण्यात गेल्यासारखा झाला होता. सर म्हणाले, "घाई नाही. डोळे पूस आणि मग दाब." मी पुसले आणि दाबलं. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आपलं नाव खरंच नाही ना याची खात्री केली आणि स्वेटर खाली ओढत निघाले.

आता मी घरी बसून काम करते, नाशिकमध्येच. रूम माझ्यापासून सहा किलोमीटरवर, पण मला तिथे जावं लागत नाही. दिवा लावला की सोनवणे फोनवर नाव वाचतो आणि मी परत म्हणते.

सर मला त्यानंतर एकदाच भेटले, गेल्या हिवाळ्यात, नाशिकरोड स्टेशनवर. मी बहिणीला सोडायला गेले होते. ते कायमचे मनमाडला राहायला गेले होते आणि डोळे दाखवायला नाशिकला आले होते. कानटोपी, शाल, हातात औषधांची पिशवी. मशीनांचं काही विचारलं नाही. सोनवणेच्या पोरीचं विचारलं, माझ्या आईचं विचारलं. मग त्यांची गाडी येत असल्याचं सांगितलं गेलं, आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात? साहेब तुमच्यावर नाही नाही तो आळ घेत होता. एक वाक्य बोलला असतात तर त्याचं तोंड बंद झालं असतं."

सर थोडे हसले. "तुला सांगतो. सोनवणेला सांगू नको, तो परत रडत बसंल. वही पाठवायच्या आदल्या दिवशी मी ते पान काढलं होतं."

"काढलं होतं?"

"हां. म्हटलं, लोक म्हणतील, पगारेनं सोय करून घेतली स्वतःची. काढलं, त्रेसष्ट पानं केली. मग घरभर फिरलो आणि परत घातलं. आता बघ. पहिल्यांदा लिहिलं ते मशीनसाठी, त्या बाईसाठी. त्याची मी कुठंही शपथ घेतली असती. पण दुसऱ्यांदा घातलं तेव्हा सोनवणेची पोरगी आली डोळ्यापुढं. तू आलीस. आणि माझी दोन वर्षं पण आली. मग साहेबांनी विचारलं, कुणासाठी घातलं, तर काय सांगायचं?"

"पण पान तर बरोबरच होतं ना सर!"

"पान बरोबरच होतं," सर म्हणाले. "म्हणून तर ते ठेवलं आणि मी निघालो."

गाडी आली. प्लॅटफॉर्मवर, एवढ्या लोकांत, मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांना हे मुळीच आवडायचं नाही, त्यांनी घाईघाईने मला उठवलं आणि "जा, बहीण शोधत असंल" म्हणत डब्यात चढले. गाडी हलली तेव्हा ते कुण्या म्हातारीची पिशवी वरच्या फळीवर ठेवून देत होते आणि त्यांची माझ्याकडे पाठ होती. डबा दिसेनासा होईपर्यंत मी हात हलवत राहिले.